वायकलसाठी वाजवलेली दारं

एमिल कोस्तुर्कोने उभी हयात तोफगोळ्यांच्या कारखान्यात घडाईच्या प्रेसवर काढली. भट्टीतून लालबुंद लोखंडाचा ठोकळा यायचा, प्रेस खाली यायची आणि ठोकळ्याचा पोकळ नळा व्हायचा. पुढे तो नळा ओढून, कातून, घासून दुसरी माणसं त्याचा गोळा करायची. एमिलचं काम पहिलं. पहिलं वाकडं झालं की पुढचं सगळं वाकडं जातं, हे तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचा. दुसऱ्या दिवशी सांगायचा नाही. दुसऱ्या दिवशीही तीच चूक झाली तर फोरमनकडे जाऊन म्हणायचा, याला पॅकिंगला टाका.

ब्रेनिकमध्ये आधी कोळशाच्या खाणी होत्या, मग रेल्वेचं वर्कशॉप होतं, शर्टांची गिरणी होती. एकेक करून सगळं बंद झालं. तोफगोळे उरले. गावात नुसतं 'कारखाना' म्हटलं तरी पुढे नाव जोडावं लागत नाही. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात अशी एका कारखान्याची गावं बरीच आहेत, आणि अशा गावांतून जो खासदार निवडून जातो, त्याला वॉशिंग्टनमध्ये पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच कळतं की आपल्याला कोणत्या समितीवर बसायचं आहे.

बायको व्हर्ना गेली, गुडघा बदलून झाला, निवृत्ती झाली, तरी एमिल घरात बसला नाही. मुलगी डार्लीन संसार मोडल्यावर तिच्या पोरीला, टेसाला, घेऊन त्याच्याकडेच राहायला आली होती. डार्लीन वृद्धाश्रमात नर्स, तिच्या पाळ्या वेळीअवेळी. त्यामुळे टेसाला शाळेत सोडणं, तिचे बूट दुरुस्त करणं, तिला गाडी शिकवणं हे एमिलकडे आलं. आजोबाला ती घरातल्या जुन्या स्लोव्हाक रीतीने देदो म्हणायची. पोरगी हातकामात चांगली निघाली. मोठा ट्रक पाठीमागे सरळ रेषेत नेता येणारी माणसं कारखान्यातही थोडीच होती. तिला तो पहिल्याच खेपेला नेता आला. कॉलेजची फी निघावी म्हणून ती नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेत, भरती झाली आणि तिला मालवाहतुकीच्या तुकडीत घातलं. महिन्यातून एकदा कवायत, उन्हाळ्यात शिबिर. एमिलला त्यात काही वावगं दिसलं नाही. पूर आला की गार्डची माणसं वाळूची पोती वाहतात, हेच त्याने आजवर पाहिलेलं.

एमिलचं निवृत्तीतलं दुसरं काम निवडणुकीचं. ग्रँट वायकल खासदारकीला पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा युनियनने म्हातारी माणसं गोळा केली आणि एकेकाला गल्ल्या वाटून दिल्या. बाकीच्यांनी पत्रकं दारात सरकवली आणि घरी गेले. एमिलने दारं वाजवली. त्याची एक पद्धत होती. घंटा दाबायची आणि लगेच पायरी उतरून दोन पावलं मागे उभं राहायचं, म्हणजे दार उघडणाऱ्याच्या अंगावर आल्यासारखं होत नाही. टोपी हातात. कुत्रं असलं तर आधी कुत्र्याची चौकशी. पत्रपेटीत काही टाकायचं नाही, तो गुन्हा आहे. कोणी घरी नसलं तर चिठ्ठी ठेवून सुटका करून घ्यायची नाही. संध्याकाळी परत यायचं. नव्या गुडघ्यानिशी तो ब्रेनिकच्या चढाच्या गल्ल्या पुनःपुन्हा चढला. वायकल निवडून आला. पुढल्या वेळी परत आला, त्याच्या पुढल्या वेळीही. दर खेपेला गल्ल्या त्याच, दारं तीच.

मागच्या निवडणुकीच्या वेळी वायकल एमिलच्या घरी येऊन पडवीत बसला होता. टेसाने त्याला सरबत आणून दिलं. तिच्या अंगात गार्डचा सदरा होता. वायकलने तिला तुकडी कोणती वगैरे विचारलं, मग एमिलकडे वळून म्हणाला, "हिच्यासारख्या पोरांना उगाच कुठे धाडायला मी हात वर करणार नाही, एमिल. हे तुम्ही दारोदार सांगा. माझ्या नावाने सांगा."

एमिलने ते दारोदार सांगितलं. पण वायकलच्या नावाने सांगायचं तो विसरला. लोकांसमोर उभा राहून तो म्हणायचा, "मी सांगतो, हा माणूस पोरं उगाच धाडणार नाही." ब्रेनिकमध्ये वायकलच्या शब्दापेक्षा एमिलचा शब्द जास्त चालत होता, त्यामुळे तो अधिकच चालला.

मग समुद्रापलीकडचं ते युद्ध सुरू झालं. आधी विमानं गेली, मग थोडी फौज, मग आणखी थोडी. हिवाळा संपता संपता सभागृहासमोर ठराव आला: युद्ध पुढे चालवायला आणि वाढवायला परवानगी द्यायची की नाही. दोन्हीकडची मतं जवळजवळ सारखी होती. वायकलने आपलं मत जाहीर केलं नव्हतं. टेसाच्या तुकडीला तयारीचा हुकूम आला होता. ठराव मंजूर झाला तर जायचं, पडला तर थांबायचं.

एमिलने वायकलच्या गावातल्या कार्यालयाला फोन केला. एका मुलीने अदबीने नाव, पत्ता, मत लिहून घेतलं. तो तिथे स्वतः गेला. तीच मुलगी, तीच अदब. खासदार वॉशिंग्टनला आहेत, तुमचं म्हणणं पोचवते. पोचवलंस का, असं विचारायला तो परत गेला. पोचवलं म्हणाली. काय म्हणाले? ते तिला माहीत नव्हतं. एमिलचं डोकं फिरलं, पण त्या पोरीवर ओरडण्यात काय अर्थ. ती तिचं काम नीट करत होती. तिचं काम हेच होतं.

वायकल भेटायची एक जागा मात्र ठरलेली होती. ईस्टरच्या आधीच्या उपवासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात मासा तळतात. मांस चालत नाही म्हणून अख्खं गाव तिथे जेवतं. बायका दोन दिवस आधीपासून बटाटा भरलेल्या पिरोगी वळतात, कोबी आणि शेवयांची हलुश्की करतात, तळणीवर पुरुष. मोठ्या कढईचा ताबा व्हर्ना गेल्यापासून एमिलकडे होता. दरवर्षी एका शुक्रवारी वायकल यायचा, एप्रन चढवायचा, चिमट्याने दोन तुकडे उलटायचा, फोटो निघायचा आणि एप्रन काढून तो पुढल्या गावच्या चर्चकडे जायचा. कारखान्याचे साहेब लोक त्या दिवशी आख्खं टेबल राखून ठेवायचे.

त्या वर्षीही तो आला. फोटो निघाला. एप्रनची गाठ सोडायला त्याने हात मागे नेला तेव्हा एमिल म्हणाला, "राहू दे. आज संपेपर्यंत थांब."

वायकलबरोबरच्या माणसाने घड्याळ पाहिलं. वायकलने त्याला मान हलवून बाहेर जायला सांगितलं आणि चिमटा परत उचलला.

एमिलला वाटलं होतं, दहा मिनिटांत हा घामाघूम होऊन जाईल. तसं झालं नाही. वायकलच्या बापाची महामार्गावर खानावळ होती, तो लहानपणापासून तळणीशी वाढलेला. पीठ झटकून तुकडा कडेने तेलात सोडायचा, टाकायचा नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही. गर्दी वाढत होती आणि दोघं खांद्याला खांदा लावून तळत होते. एमिलच्या रागाला त्यामुळे जागाच मिळेना. कामचुकार माणसाशी कसं बोलायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. काम येणाऱ्या माणसाशी भांडायची त्याला सवय नव्हती.

गर्दी जरा ओसरल्यावर त्याने सरळ विचारलं, बुधवारी ठरावावर मतदान आहे, मत कुठे देणार.

वायकलने आजूबाजूला पाहिलं. मग तेलाकडे बघतच बोलायला लागला. नाही म्हटलं तर काय होईल ते त्याने सांगितलं. पुढच्या वसंतात पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत पक्षातलाच कोणीतरी त्याच्यासमोर उभा केला जाईल. कारखान्याचा फंड तिकडे जाईल. ज्यांचा ब्रेनिकमध्ये एक खिळासुद्धा बनत नाही, पण वायकल संरक्षण समितीवर आहे म्हणून जे त्याच्याकडे देणग्या पाठवतात, त्या विमानवाल्यांचे, क्षेपणास्त्रवाल्यांचे फंडही तिकडे जातील.

"त्याच्याकडे टीव्हीवरच्या जाहिराती असतील," वायकल म्हणाला. "माझ्याकडे तुम्ही असाल."

"मी कमी आहे?"

"तुम्ही एक आहात, एमिल."

एमिलने झाऱ्याने तुकडे काढले, निथळू दिले. मग म्हणाला, "आमच्या पडवीत बसून काय बोलला होतास?"

"आठवतं मला. तुम्हाला वाटतं आठवत नाही?" वायकलचा आवाज चढला नाही. "कारखाना एकटा असता तर मी बघून घेतलं असतं. साहेबांना तोंड देता येतं, कामगार मागे असले की. पण ड्वेनचाही फोन आला होता. तुमच्या युनियनचा. त्यांनाही होच हवं आहे. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

एमिलला माहीत नव्हतं.

"मालक आणि युनियन, दोन्ही एका दारातून आत आले की मी कोणाच्या मागे लपू? निदान युनियनने एवढं सांगितलं, की तू तुझ्या मनाने मत दे, आमची देणगी त्यावर अडलेली नाही, तर माझ्या हातापायाला जरा जागा मिळेल. बुधवारच्या आत."

एवढं बोलून तो थांबला मात्र शेवटपर्यंत. मासा संपला, मग त्याने कढईच्या बाजूचं पीठही पुसलं. जाताना बायकांनी त्याला पिरोगीचा डबा बांधून दिला.

यात गुपित असं काही नव्हतं. मालक कंपनीचा एक निवडणूक फंड आहे, साहेब लोक त्यात भर घालतात. युनियनचा दुसरा, तो कामगारांच्या पगारातून जमतो, ज्याची खुशी असेल त्याच्या. एमिलची खुशी कायमच असायची. पगारवाढीवरून हे दोघे दर करारात एकमेकांचे गळे धरतात. एका संपात एमिल हिवाळाभर फाटकाबाहेर पिंपात लाकडं जाळून शेकत उभा होता. पण वायकलकडे जायची वेळ आली की दोन्ही फंड एकाच रांगेत उभे राहतात. हे सगळं गावाला ठाऊक होतं, एमिललाही. फक्त त्याची अशी समजूत होती की देणगी ही एक गोष्ट आणि कष्ट ही दुसरी. देणगीने दार उघडत असेल, पण हिशेब शेवटी कष्टाचा होतो. कारखान्यात तरी तसाच होत असे, असं त्याला वाटे. खरं तर तिथेही होत नव्हता, पण प्रेससमोर उभं राहिल्यावर माणसाला तसं वाटतं.

रविवारी युनियनची सभा होती. निवृत्त माणसाला सभेत बसता येतं, बोलता येतं. सूचना मांडता येत नाही, हातही वर करता येत नाही. म्हणून शनिवारी एमिल लॉनी बास्किनकडे गेला. लॉनी आता त्याच प्रेसवर होता. एमिलने दुसऱ्या दिवशीही पॅकिंगला न पाठवलेल्या थोड्या माणसांपैकी एक. तो अंगणात घराच्या नव्या खोलीचे वासे ठोकत होता. एमिलने आधी वासे बघितले, एक जरा तिरका होता, ते सांगितलं, मग युनियनने वायकलला मोकळं सोडावं ही सूचना सांगितली.

लॉनी हातोडी खाली ठेवून वाशावर बसला. "उस्ताद, युद्ध चाललं तर तिसरी शिफ्ट सुरू होणार आहे. ड्वेनने फलकावर लावलंय."

"वाचलं मी."

"ही खोली त्या ओव्हरटाइमवर उभी आहे."

"तेही दिसतंय मला."

लॉनीने त्या तिरक्या वाशाकडे पाहिलं. आतून त्याची बायको जेवायला हाक मारत होती. शेवटी तो म्हणाला, मांडतो. पण वर भाषण करणार नाही. ते तुम्ही करा.

युनियनचं सभागृह भरलं होतं, तिसऱ्या शिफ्टच्या बातमीमुळे नेहमीपेक्षा जास्त. ड्वेन मॅकेल्वी अध्यक्ष. त्याच्या बापाबरोबर एमिलने संपातले दिवस काढले होते. ड्वेनने एमिलला बोलायला दिलं, अडवलं नाही. एमिलला बोलता फारसं येत नव्हतं. दारात उभं राहून एकाशी बोलायची सवय. इथे शंभर जण. तो म्हणाला की युद्धाला हो म्हणा किंवा नाही म्हणा असं कोणी सांगत नाहीये. खासदाराला एवढंच कळवायचं, की मत तुझं, आमची देणगी त्याला बांधलेली नाही. मग त्याने टेसाचं नाव घेतलं. घ्यायचं नाही असं ठरवून आला होता. ती कशी ट्रक चालवते ते सांगायला लागला, आणि त्याचा आवाज कातर झाला, आणि तो वाक्य अर्धंच टाकून बसला.

मागून कोणीतरी म्हणालं, माझाही भाऊ जातोय, आणि माझं घरही चालायला हवं. ते टोचून म्हटलेलं नव्हतं.

लॉनी उठला, सूचना जशी एमिलने सांगितली तशीच मांडली आणि खाली बसला.

ड्वेनने विचारलं, अनुमोदन कोण देतंय.

कोणीच नाही. खुर्च्या करकरल्या. एमिल एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. त्यातल्या कित्येकांना त्याने काम शिकवलं होतं, काहींच्या लग्नात नाचला होता. ते टोपीच्या आत बघत होते, फोन बघत होते. ड्वेनने पुन्हा विचारलं. तो खरोखर थांबला, घाई केली नाही. उलट तोच कोणी बोलेल या आशेने बघतोय असं एमिलला क्षणभर वाटलं. मग ड्वेन म्हणाला की अनुमोदन नसल्यामुळे सूचना पडली, आणि तिसऱ्या शिफ्टच्या गाड्या कुठे लावायच्या हा पुढला विषय घेतला. त्यावर तासभर वाद झाला. गाड्यांवर सगळ्यांना बोलायचं होतं.

एमिलला हरल्याचं एवढं वाटलं नसतं. हरण्यासाठी हात मोजावे लागतात. इथे मोजायची वेळच आली नाही. बाहेर पडताना लॉनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एमिल म्हणाला, "तू तुझं काम केलंस," आणि ते मनापासून म्हणाला.

टेसाला संध्याकाळपर्यंत कळलं. ब्रेनिक लहान आहे. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा एमिल सिंकखाली आडवा होऊन गळका नळ आवळत होता. तिने तो बाहेर यायची वाट पाहिली नाही.

"देदो, तू माझ्यासाठी सगळ्यांपुढे रडलास?"

तो म्हणाला, रडलो नाही.

"तुकडीत आता मला काय म्हणतायत माहितेय? म्हाताऱ्याची बाहुली. मी तिथे तीस जणांचं सामान वाहते. मला कोणी ओढून नेत नाहीये. मी सही केली आहे."

"फीसाठी केलीस सही. वीस वर्षांची होतीस."

"आणि तू प्रेसवर कशासाठी उभा होतास?"

एमिल सिंकखालून बाहेर आला. पाना हातात तसाच. तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, तिला राग आला होता आणि जे समोर दिसलं ते ती बोलली होती. त्याला उत्तर येत नव्हतं असंही नाही. उत्तर एका शब्दाचं होतं: पगार. पण ते तिच्या तोंडावर सांगायला जीभ उचलेना. गोळे कुठे जातात याचा विचार त्याने कधीच केला नव्हता असं म्हणणं खोटं होईल. जातात कुठेतरी, असा विचार त्याने केला होता, आणि मग पुढचा ठोकळा यायचा.

टेसाने त्याच्या हातातला पाना घेतला आणि नळ स्वतः आवळला. गळायचा थांबला. "मला भीती वाटत नाही असं नाही," ती पाठमोरी राहूनच म्हणाली. "पण तू लोकांकडे माझ्यासाठी भीक मागू नकोस. मला तिथे उभं राहायचंय."

त्याने मान हलवली. तिला ती दिसली नाही.

बुधवारी एमिलने टीव्ही लावला नाही. तो मागच्या अंगणात अवजारांना तेल लावत बसला. दुपारी फोन वाजला. वायकल स्वतः होता. मागे गजबज होती. सभागृहाच्या बाहेरच्या बोळातून बोलत असावा.

"इतरांकडून कळण्याआधी मला सांगायचं होतं," वायकल म्हणाला. "मी हो दिलं. ठराव मंजूर झाला. सात मतांनी."

एमिलने हाताचं तेल विजारीला पुसलं.

"माझं एक मत नाहीकडे पडून काही बदललं नसतं, एमिल. सात होती."

"त्या सातांपैकी प्रत्येकाने आपल्या गावी असाच फोन केला असेल."

पलीकडे वायकलने श्वास सोडला. मग तो बोलत राहिला. टेसाच्या तुकडीची चौकशी मी जातीने करेन, तिला शक्य तितकं मागे ठेवता येतं का बघेन, असं काहीतरी. एमिलने त्याला तिथे थांबवलं. ते तिला नको होतं, आणि तेवढं एक तरी तो तिचं ऐकणार होता. मग त्याने विचारलं, "आधी कोणाला केलास फोन?"

"म्हणजे?"

"मला करायच्या आधी."

वायकल खोटं बोलू शकला असता. "कारखान्याला," तो म्हणाला. "मग ड्वेनला."

"मग मला."

"मग तुम्हाला."

"तिसरा नंबर," एमिल म्हणाला. "वाईट नाही," आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण याला शिव्या घालायला हव्या होत्या. त्याने पुन्हा फोन उचलला, पण आता लावला असता तर ती कार्यालयातली मुलगीच उचलणार होती.

तुकडी ईस्टरनंतरच्या सोमवारी सकाळी निघाली. गार्डच्या आवारात बँड होता, झेंडे होते, आईबाप होते. वायकलने छोटंसं भाषण केलं, चांगलं केलं. कारखान्याने प्रत्येकाला एक पिशवी दिली, आत दाढीचं सामान, मोजे, चॉकलेट. मुलींच्या पिशवीतही दाढीचंच. टेसाने ते डार्लीनच्या हातात दिलं आणि दोघी हसल्या. हसता हसता डार्लीन रडायला लागली. टेसाने आईला धरलं, मग एमिलला.  तिने त्याच्या कानात सांगितलं की नळाचा वायसर जुना आहे, परत गळेल, नवा आण. मग ती बसमध्ये चढली आणि मागे वळून बघितलं नाही. पुढे बसलेल्या पोरांसमोर तिला ते करायचं नव्हतं, हे त्याला कळलं.

वायकल हात मिळवत मिळवत त्याच्याजवळ येत होता. एमिल त्याच्या आधीच निघाला. त्याने डार्लीनला आपल्या जुन्या पिकअप ट्रकमध्ये बसवलं आणि बसच्या मागे गाडी घातली. महामार्गाच्या वळणापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

महामार्गाकडचा रस्ता कारखान्याच्या फाटकासमोरून जातो. तिसरी शिफ्ट नुकतीच सुटली होती. नव्या मोकळ्या जागेत गाड्या दाटीने लागल्या होत्या. लॉनीची गाडीही त्याला त्यात दिसली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने लाल फलक आडवा धरला आणि बस थांबवली. आतून मालाचे ट्रक बाहेर पडत होते. गोळ्यांचे ट्रक मध्ये थांबवत नाहीत, तसा नियमच आहे. एक गेला, दुसरा गेला, मागे आणखी होते.

मागून कोणीतरी भोंगा वाजवला. एमिलने गाडीचं दार उघडलं आणि उतरून बसच्या बाजूने चालत गेला. टेसा मधल्या खिडकीत होती. तिने त्याला पाहिलं. आता तिने तोंड फिरवलं नाही. काच उघडत नव्हती. ती काचेतून काहीतरी बोलली, ते ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. त्याने मान हलवली, जसं काही ऐकू आलं. तिने हात काचेवर ठेवला नाही की काही नाही; नुसती बघत राहिली, तोही बघत राहिला. ट्रक संपेपर्यंत दोघांना एवढा वेळ मिळाला. एरवी तो मिळाला नसता. तो कशामुळे मिळाला हे एमिलला दिसत होतं, आणि त्याचाही त्याला संताप आला.

पहारेकऱ्याने फलक खाली घेतला. बस हलली. एमिल रस्त्यावर उभा राहिला, मागच्या गाड्या त्याला वळसा घालून जायला लागल्या, आणि डार्लीन पिकअपमधून त्याला हाका मारत होती, की बाबा, बाजूला व्हा.